24 खुर्च्यांची ऑर्डर आणि खाली बसलेल्या बाया

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. सभासदांची तूर आणि हरभरा घ्यायचा, डाळ करायची, अर्धा आणि एक किलोच्या पाकिटांत भरून विकायची, सोबत खत-बियाण्यांचं दुकान चालवायचं, असा तिचा कारभार. नवी इमारत उभी राहिली, फर्निचरसाठी लाखभर रुपये बाजूला काढले गेले आणि संचालक मंडळापुढे 24 रिव्हॉल्व्हिंग खुर्च्यांची ऑर्डर मंजुरीला आली. सगळ्या एकाच मॉडेलच्या. काळं रेक्झिन, आत जाड फोम, दोन्ही बाजूंना हात, खाली पाच चाकं. एकगठ्ठा घेतल्या तर एक खुर्ची ₹4,200 ला पडत होती, म्हणजे एकूण ₹1,00,800. कामाच्या जागांची आखणी करणं हा माझा व्यवसाय. खरेदीआधी एकदा पाहून द्या, म्हणून तो कागद माझ्याकडे आला.

24 चा आकडा कसा काढला, हे मी आधी विचारलं. 10 संचालक, ऑफिस आणि वजनकाटा मिळून 5 जण, बाकी पाहुण्यांसाठी, असं उत्तर मिळालं. मागच्या शेडमध्ये डाळ निवडणाऱ्या 14 बाया या हिशोबात नव्हत्या. पॅकिंगच्या चौघी नव्हत्या. डाळ मिलच्या मशिनवरचे दोघेही नव्हते. दिवसाचे सात-सात तास बसून किंवा उभं राहून काम करणारे वीस जण सुटले होते, आणि महिन्याकाठी एका बैठकीला येणाऱ्यांसाठी मात्र गादीच्या फिरत्या खुर्च्या होत्या.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता. आपल्याकडे खुर्ची मानाची. घरी पाहुणा आला की पोरगं आधी खुर्ची आणायला धावतं आणि घरचे सतरंजीवर बसतात. ही रीत घरात चांगली आहे, मला ती मनापासून आवडते. कामाच्या ठिकाणी मात्र तीच रीत खरेदीच्या यादीत उतरली, की जो जास्त बसतो त्यालाच बसायला काही उरत नाही. म्हणून मी मंडळाला एवढंच सुचवलं: महिनाभर ऑर्डर थांबवा, आणि कोण कुठल्या पदावर आहे ते बाजूला ठेवून कोण दिवसभर काय करतं ते पाहू. सलग किती वेळ बसायचं, हातात काय असतं, पाय मोकळे की गुंतलेले, नजर कुठे लागते, तासाला किती वेळा उठावं लागतं. खुर्ची यातूनच ठरते.

आणलेलं मॉडेल कुठे बसतं, कुठे नाही

नमुन्याची एक खुर्ची ऑफिसात येऊन पडलेली होती, तिच्यापासून सुरुवात केली. खुर्ची वाईट नव्हती. पण विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 च्या आसपास जातो, आणि टिनाच्या छताखाली रेक्झिनवर बसलं की दहा मिनिटांत पाठ-मांड्या घामाने चिकटतात. माणूस मग पाठ टेकवणंच सोडतो आणि पुढच्या काठावर बसतो, म्हणजे ज्या टेकूसाठी पैसे मोजले तो वाया. उन्हाच्या झळांनी दोन-तीन वर्षांत रेक्झिनला भेगा पडतात, त्यातून फोम बाहेर येतो, आणि धान्याच्या जागेत फोम म्हणजे उंदरांना आमंत्रण. गोदामात ठेवलेल्या गादीच्या खुर्चीची उंदरांनी काय गत केली, ते त्याच आवारात एका जुन्या खुर्चीवर दिसत होतं.

दुसरी गोष्ट चाकांची. ऑफिसात गुळगुळीत टाईल आहे, शेडमध्ये कोबा आहे आणि पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला आहे. उतारावर चाकाची खुर्ची ठरत नाही. शिवाय पोत्याचे दोरे, सुतळीचे तुकडे आणि डाळीची चुनी चाकांत गुंडाळली जाते. आणि साडीचा पदर चाकाखाली आला तर उठताना बाई तोंडावर पडू शकते. शेडसाठी चाकं पहिल्याच दिवशी बाद झाली.

ऑफिसात दोन टेबलं अशी होती, की तिथे फिरती, उंची बदलणारी खुर्ची खरंच हवी होती. एकावर हिशोब पाहणाऱ्या ताई, दुसऱ्यावर सभासदांच्या नोंदी करणारा मुलगा. दोघं दिवसाचे सहा ते आठ तास कॉम्प्युटरपुढे. टेबलं नेहमीची, 30 इंची. ताईंची उंची पाच फुटांच्या आत. कीबोर्डवर कोपर नीट यावं म्हणून खुर्ची वर केली, की पाय लोंबकळतात. पाय टेकावेत म्हणून खाली केली, की खांदे कानाला लागतात. नमुन्याची खुर्ची इथेही पुरी पडली नसती, कारण तिची बैठक 19 इंच खोल होती. पाठ टेकवली की बैठकीची कड ताईंच्या गुडघ्यांमागे रुतत होती. मागे टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. ही परीक्षा कुठल्याही दुकानात उभ्या-उभ्या करता येते, आणि खुर्ची घेताना मी सगळ्यांत आधी तीच करते.

या दोघांसाठी जाळीच्या पाठीच्या खुर्च्या घेतल्या. पाठीत हवा खेळते, कमरेचा टेकू वर-खाली होतो, बैठक पुढे-मागे सरकते, हातांची उंची बदलते. खुर्ची वर-खाली करणारा गॅस सिलिंडर क्लास 4 चा, कारण रोज आठ तास वापरात तो जास्त टिकतो. टाईलवर टणक नायलॉनची चाकं घसरतात, म्हणून मऊ पीयूची (पॉलियुरेथेनची) चाकं मागितली. एक खुर्ची ₹9,500 ला पडली. मंडळात या किमतीवर बरीच कुरबुर झाली. माझं म्हणणं स्पष्ट होतं: महाग खुर्ची घ्यायचीच असेल तर ती याच दोन जागी, कारण हलायला इतका कमी वाव दुसऱ्या कुणालाच नाही. ताईंच्या पायांखाली पाच इंची लाकडी पाट ठेवला आणि मॉनिटर एवढा वर घेतला, की त्याची वरची कड त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आली.

काटा खोली

काट्यावर बसणाऱ्या भाऊंचं काम वरून पाहिलं तर बसून करायचं. पण तुरीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली, की त्यांना खिडकीतून ट्रॉलीची चारही चाकं प्लेटवर आली का ते पाहायचं, उजवीकडे वळून आकडा टिपायचा, डावीकडे पावती फाडायची आणि खिडकीतून हात काढून ती द्यायची असते. "दिवसभर मान इकडं-तिकडं, ताई. संध्याकाळी मान वळतच नाई," ते म्हणाले.

त्यांची खुर्ची होती साधी, लाकडी, चार पायांची. खिडकीची चौकट जमिनीपासून 42 इंचांवर. बसल्यावर डोळे चौकटीच्या जेमतेम वर येत, त्यामुळे जवळची प्लेट दिसत नसे, आणि प्रत्येक गाडीला ते अर्धवट उठून, खिडकीवर हात टेकून, वाकून पाहत. वळायचं तर कंबर पिळून. दुखण्याचं कारण शोधायला दूर जायची गरजच नव्हती.

इथे फिरती खुर्ची हवी आणि चाकं नकोत. वळणं कमरेऐवजी खुर्चीने करावं, आणि जागा मात्र सोडू नये. आम्ही 24 इंच उंच बैठकीची, खाली पाय ठेवायला गोल कडं असलेली, चाकांच्या जागी स्थिर बूट असलेली खुर्ची निवडली. एवढ्या उंचीवर बसल्यावर त्यांची नजर चौकटीवरून थेट प्लेटवर जाते, आणि उठून उभं राहणंही सोपं होतं, कारण शरीर अर्धं उभंच असतं. अर्थात टेबलही तेवढंच वर गेलं पाहिजे. ते गवंड्याने विटांचे चार ओटे करून चढवलं. आकडा दाखवणारी पेटी उजव्या भिंतीवरून काढून समोर, खिडकीच्या कडेला बसवली. मानेला आराम त्या पेटीने जास्त दिला की खुर्चीने, हे मी खात्रीने सांगू शकणार नाही, पण दोन्ही एकत्र करणंच शहाणपणाचं होतं.

निवडणीची शेड

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

डाळ मिल लहानच, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल. मशिनमधून डाळ निघते, चाळणीवर तिची प्रत लागते, तरी गोटा (न फुटलेला दाणा), काळा दाणा, टरफल आणि बारीक खडा हाताने वेगळा करावाच लागतो. बाया पोत्याच्या तरटावर बसत, पुढ्यात सूप किंवा परात. कुणी मांडी घालून, कुणी एक गुडघा उभा करून, कुणी पाय लांब सोडून. सूप जमिनीवर, म्हणून पाठ पुढे वाकलेली आणि मान त्याहून वाकलेली. तासाभराने उठायचं, निवडलेली डाळ टोपल्यात भरून नेऊन ओतायची, परत बसायचं.

खुर्च्यांचा विषय काढला, तेव्हा सगळ्यांत जुन्या बाईंनी एका वाक्यात अडचण दाखवली: "खुर्चीवर बसल्यावर सूप कुठी ठेवाव, मांडीवर काय?" अगदी बरोबर. टेबलाशिवाय खुर्चीला इथे अर्थ नव्हता. संचालकांपैकी कुणी उदार होऊन याच 24 मधल्या 14 खुर्च्या शेडमध्ये पाठवल्या असत्या, तरी त्या आठवडाभरात भिंतीशी रांगेत उभ्या राहिल्या असत्या, आणि "बायांना खालीच बसायला आवडतं" असा शेरा मारून विषय मिटला असता.

दुसरी एक जण म्हणाली, "मले तं खालीच बरं वाटते. पन या काकूले पाहा, उठता उठता दहा खेप 'माय व' म्हनते." काकू हसल्या, पण नाकारलं नाही. आणखी चौघी-पाचजणींनी गुडघ्यांचं सांगितलं. तीन-चारजणी ठामपणे खाली बसण्याच्या बाजूने होत्या.

जमिनीवर बसण्यात मुळात काही वावगं नाही. लहानपणापासून सवय असलेल्या माणसाचे सांधे त्याला सरावलेले असतात, आणि खाली बसलेलं माणूस दर काही मिनिटांनी आसन बदलतं, ही त्यातली चांगली बाजू. त्रास होतो तो सात तास कंबरेतून पुढे वाकण्याचा, आणि गुडघे पूर्ण दुमडलेल्या अवस्थेतून वजन घेऊन उठण्याचा. या दोन गोष्टी टाळल्या तर खाली बसूनही काम नीट होतं. म्हणून शेडसाठी दोन व्यवस्था करायच्या आणि कोण कुठे बसेल ते बायांनीच ठरवायचं, असं ठरलं.

आधी मापं. चप्पल काढून, पाय सपाट टेकवून, गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप धरली. बहुतेकींचं माप 15 ते 16 इंच भरलं, दोघींचं साडेचौदा. बाजारात मिळणारं लोखंडी स्टूल 18 इंचांचं असतं आणि प्लास्टिकची खुर्ची 17 च्या आसपास. म्हणजे यांतल्या कुणाचेही पाय नीट टेकले नसते. पाय टेकले नाहीत की बैठकीची कड मांडीखाली दाबते, पायांना मुंग्या येतात, आणि माणूस पुढे सरकून काठावर बसतं. तिथे पाठीला टेकू उरत नाही.

मग टेबल. बसल्यावर कोपर बैठकीपासून साधारण 8 इंच वर येतं. निवडणीचं काम डोळ्यांचं आणि हलक्या हाताचं, त्यामुळे ते कोपरापेक्षा दोनेक इंच वर असावं, म्हणजे मान कमी वाकते. 15 अधिक 8 अधिक 2, टेबल 25 इंचांचं. बैठक आणि टेबल यांमधल्या 10 इंचांतून मांड्यांची जाडी गेली, टेबलाची जाडी गेली, तरी पाय हलवायला जागा राहते. हे झालं कागदावरचं गणित. ते खरं करायला आम्ही विटांचे थर रचून त्यावर फळी टाकली, तशा तीन उंचीच्या बैठका केल्या, आणि एक जुन्या दाराचा पल्ला रिकाम्या डब्यांवर ठेवून टेबल केलं. डबे बदलून त्याची उंची 22, 25 आणि 28 इंच करून पाहिली. बायांनी त्याच दिवशीच्या लॉटमधली डाळ त्यावर घेऊन निवडली. 28 वर खांदे वर चढले. 22 वर पुन्हा मान खाली. 25 वर दोघी-तिघी गप्पा मारत काम करू लागल्या, आणि मला उत्तर मिळालं.

त्या दिवशी आणखी दोन गोष्टी कळल्या, ज्या टेप सांगत नाही. डाळ सांडू नये म्हणून दाराच्या चारही बाजूंना इंचभर पट्टी ठोकली होती. ती मनगटांना रुतू लागली. मग बसणाऱ्यांच्या बाजूची पट्टी काढली आणि काठ रंधा मारून गोल केला. दुसरी गोष्ट उजेडाची. टेबल मधोमध ठेवलं होतं, तिथे स्वतःचीच सावली डाळीवर पडत होती, आणि खुर्चीची उंची कितीही बरोबर असली तरी काळा दाणा दिसायला माणूस वाकतंच. टेबलं खिडक्यांच्या बाजूला नेली आणि वर ट्यूबलाइट लावायच्या ठरवल्या.

स्टुलं गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. चौरस पाइपचा सांगाडा, बैठक 14 इंच खोल आणि पुढची कड खाली वळवलेली, पाठीला फक्त कमरेपर्यंत आडवी पट्टी, हात नाहीत. हात दिले असते तर स्टूल टेबलाखाली सरकलं नसतं, आणि साडी अडकली असती ती वेगळीच. पाठ मुद्दाम बुटकी, कारण निवडताना दोन्ही खांदे सतत हलतात. बैठकीला आणि पाठीला बाजेची नवार विणली. नवार घाम धरत नाही, धुता येते, उंदीर तिच्यात घर करत नाहीत, आणि सैल झाली तर गावातच ओढून मिळते. पायांना रबरी बूट. वेल्डिंगवाल्या दादांनी आधी सगळी 18 इंचांची करायची तयारी चालवली होती, पाइपचे तुकडे तसेच बसतात म्हणून. "इंचा-दोन इंचानं काय होते?" असं त्यांचं म्हणणं. काकूंना 18 इंची स्टुलावर बसवून त्यांचे अधांतरी पाय दाखवले, तेव्हा त्यांनी पुढचं सगळं कटिंग स्वतःच मोजून केलं. 10 स्टुलं झाली, 8 पंधरा इंची आणि 2 साडेचौदाची. एक स्टूल ₹1,450. टेबलं दोन, 8 फूट लांब आणि 3 फूट रुंद, वर स्टीलचा पत्रा. रुंदी 3 फुटांच्या वर नको, कारण समोरासमोर बसल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला दीड फूट येतं, आणि न वाकता हात तेवढाच पोचतो.

खाली बसू इच्छिणाऱ्या चौघींसाठी तीन इंची पाट आणि पुढ्यात 9 इंची चौरंग. सूप जमिनीवरून चौरंगावर आलं एवढाच बदल, पण पाठ लगेच सरळ झालेली दिसली. भरलेलं टोपलं उचलायचं काम चौघींकडून काढून ज्या टेबलाशी बसतात त्यांच्याकडे दिलं, कारण त्यांना पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यांवरून उठावं लागत नाही.

एक शंका खुर्चीची नव्हती, पैशाची होती. निवडणीचे पैसे ठेक्याने, क्विंटलमागे. नव्या टेबलावर हात बसेपर्यंत काम मंदावलं तर रोज बुडणार, ही बायांची भीती रास्त होती. मंडळाने पहिल्या पंधरवड्यापुरते रोजाने पैसे द्यायचं मान्य केलं. हे झालं नसतं तर माझी सगळी मापं वाया गेली असती, असं मला आजही वाटतं. जिची मजुरी बैठकीच्या प्रयोगात कापली जाते, ती बाई दुसऱ्या दिवशी आपल्या तरटावर परत जाणारच, आणि तिला दोष देता येणार नाही.

पॅकिंग, मशिन आणि बाकीच्या जागा

पाकिटं बंद करायचं मशिन पायाने दाबायचं आहे. चौघी आळीपाळीने उभ्या राहून ते चालवत, एका पायावर सगळा भार आणि दुसरा पेडलवर. इथे चाकाची खुर्ची दिली असती तर दर दाबाला खुर्ची मागे सरकली असती. फिरती दिली असती तर बैठक वळली असती. म्हणून इथे स्थिर, न फिरणारं, किंचित पुढे झुकलेल्या बैठकीचं 17 इंची स्टूल घेतलं, आणि पेडल त्याच्यापासून किती अंतरावर हवं ते बसून ठरवून फरशीवर रंगाने खूण केली. पेडल दाबणारा पाय टाचेवर टेकलेला राहिला पाहिजे, उचलावा लागला तर मांडी भरून येते. डावा-उजवा पाय बदलता यावा म्हणून मशिन टेबलाच्या मधोमध आणलं.

डाळ मिलवरचे दोघे उभेच असतात, आणि त्यांचं काम उभ्यानेच आहे. पण पोतं ओतल्यावर पुढची दहा मिनिटं नुसतं लक्ष ठेवायचं असतं, तेव्हा टेकायला काही नव्हतं. उभ्याने काम करणाऱ्यांना मधल्या वेळात बसायची सोय द्यावी, हे 1948 च्या कारखाने अधिनियमातच कलम 44 मध्ये लिहिलं गेलं होतं. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानांत काम करणाऱ्यांसाठीही तशी तरतूद केली. आपल्याकडे अजून "बसला म्हणजे कामचुकार" ही नजर जात नाही. दोन उंच स्टुलं दिली, टेकून बसण्यापुरती. ती मशिनच्या फिरत्या पट्ट्यापासून हात लांब करूनही पोचणार नाही एवढ्या अंतरावर भिंतीशी जखडली, म्हणजे कुणी सरकवत पट्ट्याजवळ आणणार नाही.

बैठकीच्या खोलीसाठी हाताच्या 20 प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या, एकावर एक रचता येणाऱ्या, आणि सोबत जुन्या सतरंज्या ठेवल्या. अध्यक्ष भाऊंनी विचारलं, "बँकेचा सायेब आला तं त्याले याच्यावर बसवाचं काय?" मी म्हटलं, तासाभराच्या बैठकीला ही खुर्ची पुरेशी आहे, आणि साहेब मागची शेड पाहून जास्त खूश होतील. एवढीच अट घातली, की खुर्च्या उन्हात ठेवायच्या नाहीत, ऊन लागून प्लास्टिक कडकतं आणि एक दिवस पाय मोडतो.

राखणदार काकांना खुर्ची मऊ देऊ नका, झोप लागेल, असं एका संचालकांनी सुचवलं. मला हे पटलं नाही. अवघडून बसलेला म्हातारा माणूस जागा राहतो, पण उठून फेरी मारत नाही, कारण उठणंच नकोसं होतं. त्यांना उंच पाठीची, हाताची, घट्ट बैठकीची खुर्ची दिली, आणि आवाराच्या दोन टोकांना दोन वेगळ्या जागा दिल्या.

खत-बियाण्यांच्या दुकानाबाहेर दोन बाक ठेवले, 18 इंच उंच आणि मध्ये-मध्ये हात असलेले. खत घेताना विक्रीची नोंद करणाऱ्या ई-पॉस मशिनवर बहुधा आधारचा अंगठा द्यावा लागतो, आणि शेतात राबलेल्या म्हाताऱ्या माणसांचा अंगठा पटकन लागत नाही. ती माणसं अर्धा-अर्धा तास थांबतात. त्यांना बसण्यापेक्षा उठण्याला जास्त मदत लागते. निवडणीच्या स्टुलाला जे हात मी काढून टाकले, तेच इथे हट्टाने लावून घेतले.

खर्च आणि एक हंगाम

सगळं मिळून ₹94,800 झाले. मूळ ऑर्डरपेक्षा ₹6,000 कमी, ते निवडणीच्या टेबलांवरच्या ट्यूबलाइटना गेले. 24 खुर्च्यांच्या जागी 20 साध्या खुर्च्या, 4 चांगल्या खुर्च्या, स्टुलं, 2 टेबलं, 2 बाक आणि पाट-चौरंग. मंडळातल्या काहींना अध्यक्षांसाठी तरी एक मोठी खुर्ची हवी होती. त्यावर अध्यक्ष भाऊच म्हणाले, "मी महिन्यातून एकदा येतो, मले कायले पाह्यजे." विषय तिथे संपला.

जानेवारीत तूर आली आणि खरी परीक्षा सुरू झाली. पहिला आठवडा निवडणीचं काम मंद चाललं. मग वेग पूर्वीसारखा झाला आणि ठेका पुन्हा सुरू करायला बायांनीच सांगितलं. मला अपेक्षित नसलेली गोष्ट म्हणजे जागांची अदलाबदल. सकाळी टेबलाशी बसणाऱ्या दोघी-तिघी जेवणानंतर पाटावर येतात, आणि पाटावरच्या एक-दोघी संध्याकाळी स्टुलावर. आसन बदलत राहणं हे कुठल्याही एका खुर्चीपेक्षा चांगलं, त्यामुळे जागांवर नावं लिहायची मुकादमाची सूचना आम्ही मानली नाही. काकूंचे गुडघे बरे झाले असं म्हणणार नाही, ते दुखणं जुनं आहे आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आहे. पण हंगाम त्यांनी मध्येच सोडला नाही.

काही गोष्टी दुरुस्त कराव्या लागल्या. शेडच्या उतारामुळे तीन स्टुलं डुगडुगत होती, त्यांच्या एकेका पायाला बोल्ट लावून तो वर-खाली होईल असं केलं. टेबलाखाली आडवी पाइप नव्हती, पाय पुढे टेकवायला ती नंतर लावली. नवार महिनाभरात सैल झाली, ती एकदा ओढून घेतल्यावर टिकली. हरभऱ्याच्या दिवसांत बाया वाढल्या, तेव्हा नव्या स्टुलांची मागणी त्यांनी स्वतः मापासकट दिली: साडेचौदाची 3, पंधराचं 1.

दुकानाच्या आतलं काम राहिलं आहे. काउंटर 42 इंचांचा आहे. विकणाऱ्या मुलासाठी 29 इंची स्टूल आणि पाय ठेवायला दांडी दिली, तो खूश आहे. पण अंगठा द्यायला शेतकऱ्याला बाकावरून उठून त्या उंच काउंटरवर हात वर करावा लागतो, आणि मशिन नाही म्हणालं की पुन्हा बाकावर जाऊन पुन्हा उठावं लागतं. काउंटरचा एका टोकाचा तीन फुटांचा भाग कापून 30 इंचांवर आणायचा, ई-पॉस मशिन तिथे ठेवायचं आणि समोर हाताची एक खुर्ची, असं मंडळाने खरिपाआधी करायचं ठरवलं आहे. सुतार माप घेऊन गेला आहे.